अप्पांची सावली

माझ्या शिक्षणाला आमच्या घरात ‘बिल्डिंगा शिजवायचा कोर्स’ म्हणत. कॉलेजच्या माहितीपत्रकावर त्याचं नाव एवढं लांबलचक होतं की आईने ते एकदा म्हणून बघितलं आणि अर्ध्यातच सोडून दिलं. मग तिनेच हे नवं नाव पाडलं, आणि त्यात तिचं फारसं चुकलंही नव्हतं. न बांधलेली इमारत काँप्युटरमध्ये उभी करायची, तिला विटा, काच, रंग लावायचे, वर आभाळात सूर्य टांगायचा आणि बटण दाबून हातावर हात ठेवून बसायचं. मग यंत्र एकेक चौकोन भरत त्या इमारतीचं फोटोसारखं चित्र तयार करायचं. याला आम्ही रेंडर लावणं म्हणायचो. एका चांगल्या रेंडरला अख्खी दुपार जायची. पडद्यावर टक्के चढत राहायचे आणि आई भाकरी थापता थापता ओट्यावरून विचारायची, “किती शिजली गं?” मी म्हणायचे, “निम्मी.” लगेच ती दारातून शेजारणीला ओरडून सांगायची, “निम्मी शिजली हो! अजून कुनी मिक्सर लावू नगा!” कारण मजल्यावर कुणीही मिक्सर लावला की वीज डुलकी घ्यायची, काँप्युटर मान टाकायचा आणि दुपारची मेहनत पाण्यात जायची. त्या वर्षांत आमच्या घरी शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यातच कुटली जायची. तशी चटणी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. तिचं श्रेय खरं म्हणजे माझ्या रेंडरला जायला हवं, पण आमच्याकडे श्रेय फक्त कंपनीला मिळायचं.

कंपनी म्हणजे अप्पांची कंपनी. माझे वडील परभणीकडचं गाव सोडून इकडे आले ते चाकणच्या एका कारखान्यात लागले. पत्रे दाबून त्यांना गाडीच्या दाराचा आकार द्यायचं यंत्र ते चालवत. घर आमचं कासारवाडीला, रेल्वेच्या रुळांना लागून. गाडी गेली की मांडणीवरचे पेले किणकिणायचे, आणि ते किणकिणले नाहीत तर आई म्हणायची, आज लोणावळा लेट आहे वाटतं. खाली शब्बीरचाचांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. ते मोटारसायकल रेस करून बघायचे तेव्हा आमची फरशी पायाखाली गुणगुणायची. या सगळ्या गदारोळात रात्रपाळी करून आलेले अप्पा तोंडावर टॉवेल टाकून निवांत झोपायचे, आणि पाळीची वेळ झाली की घड्याळाशिवाय उठून बसायचे. खाडा हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे. तापात गेले, पाय मुरगळला तेव्हा लंगडत गेले, मी जन्मले त्या दिवशीसुद्धा पहिली पाळी पूर्ण करून मगच दवाखान्यात आले. दरवर्षी बिनखाड्याच्या कामगाराला कंपनी शाल आणि प्रेशर कुकर देई. आमच्या माळ्यावर कुकरच कुकर होते. त्या वर्षी तर इतकी वर्षं सलग बिनखाडा राहिलेल्या माणसाचा फोटो कंपनीच्या फाटकाशी कायमचा लावायचं ठरलं होतं, आणि असा माणूस अख्ख्या कंपनीत एकच होता. वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते. अप्पा येताजाता आरशात बघून मिशी कातरायचे. आई म्हणायची, “माझी सवत हाय ती कंपनी. नुसती सवत न्हाई, थोरली सवत.” आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची.

आता कॉलेजचं सांगते. आमचे सर सावलीच्या बाबतीत वेडे होते. दुसरा शब्द नाही. इमारत कितीही देखणी करा, ते आधी जमिनीकडे बघत. “सावली नसली की माणूस जमिनीवर उभा राहत नाही, लोंबकळतो,” असं म्हणून ते आमचे गुण कापत. चित्रात माणसं टाकायला आमच्याकडे तयार माणसांचा एक साठा असायचा. त्यात सगळ्या गोऱ्या बाया, तोकड्या चड्ड्यांत पळणाऱ्या, हातात केसाळ कुत्री. एका बिल्डरच्या मोशीतल्या सोसायटीचं चित्र शिकाऊ काम म्हणून आमच्या वर्गाकडे आलं, तेव्हा सर माझा पडदा बघून म्हणाले, “मोशीत हे कोण राहायला येणार आहे? आपली माणसं घाल की!” माझ्या शेजारी बसणारा ओंकार हिंजवडीजवळच्या माण गावचा, जुन्या गावकरी घरातला. त्याने लगेच आपल्या आजोबांचा फेट्यातला फोटो काढून स्वतःच्या चित्रात जिमच्या दारात उभा केला. मी घरी येऊन अप्पांना गच्चीवर नेलं. “सहज चालत या,” म्हटलं. पण कॅमेरा दिसला की अप्पांना सहज काहीच करता येत नसे. एक पाय पुढे टाकून ते ध्वजवंदनाला उभे राहावेत तसे थिजले. पांढरा सदरा, काळी पँट आणि पायात कंपनीचे जाड बूट, कारण चांगले म्हणून त्यांच्याकडे तेच होते. मी त्यांना कापून सोसायटीच्या फाटकाशी चिकटवलं. मागे एक गोरी बाई कुत्रा घेऊन पळते आहे आणि पुढे आमचे अप्पा एक पाय उचलून फ्लॅट बघायला निघालेत.

बिल्डरला नेमकं हेच चित्र आवडलं. म्हणाला, हा माणूस अगदी गिऱ्हाईक वाटतो. फक्त अप्पांची सावली चित्रातल्या त्याच्या नावावर पडत होती, ती जरा सरकव, म्हणाला. आमच्या कामात प्रत्येक गोष्टीचा एकेक थर असतो, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसा. मी सावलीचा थर जरा वेळ बंद केला, नाव नीट दिसतंय ना ते बघितलं, आणि तेवढ्यात आईने चहा दिला. चहाबरोबर सुशीला होती, परभणीकडची, मुरमुऱ्यांची, वरून भरपूर शेंगदाणे. ती खाल्ली आणि फाइल पाठवून दिली. थर उघडायचा राहिला. आता माझ्या हाताखाली पोरं काम करतात आणि फाइल पाठवायच्या आधी मी त्यांना काहीही खाऊ देत नाही. त्यांना वाटतं म्हातारी कंजूष आहे.

नाशिक रस्त्याला मोशीजवळ दोन मजली उंच फ्लेक्स लागला आणि तो पहिल्यांदा कोणी बघितला असेल तर अप्पांच्या कंपनीच्या बसने. अख्खी बस एका बाजूला कलली म्हणे. “अप्पा, फ्लॅट घेतला अन् पेढे न्हाईत?” “ती मागची बाई कोन ओ भाऊ? वहिनींना म्हाईत हाय का?” त्या दिवशी अप्पा घरी आले ते बोलतच. साहेबाने विचारलं, कँटीनवाल्याने विचारलं, फाटकावरच्या रखवालदाराने सलाम ठोकला. दोन फोटो लागायचे होते त्यांचे, एक रस्त्यावर आणि एक फाटकावर, आणि पहिला तर लागलासुद्धा. गुरुवारी कंपनीला सुट्टी. संध्याकाळी शब्बीरचाचांनी टेम्पो काढला. पुढे चाचा आणि अप्पा, मागे मी, आई आणि आईने बांधून घेतलेले धपाटे. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, जणू काही फ्लेक्सच्या घरी पाहुणी निघाली होती.

रस्त्याच्या कडेला टेम्पो लावून आम्ही खाली उतरलो. आईने पदर सारखा केला, मान वर केली. डोळे भरून आले तिचे. “किती मोठे दिसायलेत,” म्हणाली. चाचा म्हणाले, “वहिनी, अब तो अप्पा को झुककर बात करनी पडेगी!” मी फुशारून उभी होते. सरांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. आणि मग आईचा चेहरा बदलला. ती एकेक बोट दाखवत मोजल्यासारखी बघायला लागली. “ह्या बाईची सावली हाय. कुत्र्याची हाय. झुडपाची हाय. ह्या दिव्याच्या खांबाचीबी हाय.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “ज्योते, तुझ्या अप्पांची सावली कुठंय?”

बोंबला. मी थर, बिल्डरचं नाव, सगळं भडाभडा सांगितलं. पण आई ऐकतच नव्हती. तिच्या माहेरी एका चुलत्याची सावली कुणालातरी दिसली नव्हती म्हणे, आणि तो पंधरवड्यात गेला. “आई, त्या चुलत्याला कावीळ झाली होती, तूच सांगितलं होतंस.” “झाली होती. पन सावली आदी गेली, कावीळ मागून आली.” अप्पा हसत म्हणाले, “अगं, पोरीची चूक हाय, छापायचं ऱ्हायलं.” आई म्हणाली, “कुत्र्याची छापली, तुमचीच कशी ऱ्हायली?” धपाटे तसेच परत आले.

शुक्रवारी सकाळी मी उठले तर अप्पा बनियनवर कपाटासमोर उभे. आईने कंपनीचे बूट लोखंडी कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली होती. “सावली परत लागंस्तवर घरातून पाऊल टाकायचं न्हाई,” असा हुकूम होता. अप्पांना दुसरी पाळी होती, दुपारची बस. एवढे जाडजूड पत्रे वाकवणारा माणूस, पण आईसमोर त्यांचं काही चालेना. ते मला बाजूला घेऊन कळवळून म्हणाले, “बाळा, एवढे दिवस जाऊ दे. एकदा फाटकावर फोटू लागला की मग मी म्हनशील तितकं घरी बसतो. आज खाडा नगं. कायबी कर, पन माझी सावली घेऊन ये.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. बापाने मुलीकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि ते हे!

बिल्डरच्या ऑफिसात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, सावलीसाठी कोण फ्लेक्स उतरवतं? फ्लॅटमध्ये सावली मिळणार आहे.” कॉलेजात सरांकडे गेले. मला वाटलं ते रागावतील. पण त्यांनी मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “तुझ्या आईला मी भेटू शकतो का?” म्हणाले. “चार वर्षं मी घसा कोरडा करतोय, वर्गात एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.” यातून सावली काही मिळाली नाही. शेवटी ओंकार धावून आला. तो फ्लेक्स ज्या शेतात उभा होता ते शेत त्याच्या आत्याच्या दिराचं. “आपलीच जागा हाय की. रंगवून टाकू. तुला सावली पायजे ना? आमी देतो सावली,” असं म्हणून त्याने भोसरीतून काळ्या रंगाचा डबा घेतला, लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि त्याच्या दुचाकीवरून आम्ही निघालो.

फ्लेक्सच्या खालच्या कडेला लावणाऱ्यांसाठी एक फळी असते. ओंकार मागच्या शिडीने तिच्यावर चढला. मी रस्त्यापलीकडे उभी राहून फोनवर सांगणार आणि तो रंगवणार, असं ठरलं. कागदावर मी सावलीचा आकार नीट काढून दिला होता. कोन बरोबर, लांबी बरोबर, सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण फळीवर उभ्या माणसाला एवढ्या मोठ्या चित्रातलं काय दिसणार? त्याला समोर फक्त अप्पांचा बूट दिसत होता, बाजेएवढा. मी ओरडायचे, “पाय बारीक कर!” तोवर एक कंटेनर भोंगा वाजवत जायचा आणि ओंकारला फक्त “कर!” ऐकू यायचं. तो करायचा. “पोट नको वाढवू!” भोंगा. पोट वाढायचं. वर ऊन मी म्हणत होतं, रंग पातळ झाला आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनी त्याचे ओघळ फुटून बाहेर आले, वळणदार. मी दोन पावलं मागे सरकून बघितलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुती परवडला असता. अप्पांच्या पायाशी शिंगं असलेला, पोट सुटलेला, काळा कुळकुळीत रेडा उभा होता.

आणि नेमकं तेव्हाच शब्बीरचाचांचा टेम्पो येऊन थांबला. निघताना मी चाचांना फोन केला होता, त्यांनी आई-अप्पांना मनवून आणलं होतं, बस तर याच रस्त्याने जाणार होती. सावली बघायची, बूट घालायचे आणि इथूनच बसमध्ये चढायचं, असा त्यांचा बेत. आई पिशवी छातीशी धरून उतरली. पिशवीत बूट आणि डबा. अप्पा चपलांत. तिने वर बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

“रेडा,” आई म्हणाली. एवढंच. मग एकदम हंबरडा फोडला तिने. “यमाचा रेडा आनून बांधला गं पोरीनं बापाच्या पायाशी!” वरून ओंकार ओरडला, “काकू, शिंगं पुसू का?” चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, “अरे खुदा के वास्ते, तू कुछ मत कर!” अप्पा बिचारे रस्त्याकडे बघत होते. तिकडून बस येताना दिसली.

बस थांबली. माणसं खिडक्यांतून लटकली. “अप्पा, चला! हे काय, म्हस पाळली का राव?” ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून बसला होता. अप्पा आईपुढे येऊन उभे राहिले, तिथेच, डांबराच्या कडेला, आणि म्हणाले, “अगं, खाली बघ की. ही काय माझी सावली.” खरंच होती. दुपारच्या उन्हात छोटीशी, त्यांच्या चपलांना चिकटलेली. आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. एवढी पळापळ केली, पण त्या माणसाच्या पायाशी बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

आईनेही खाली बघितलं. डोळे पुसले. “दिसती मला,” म्हणाली. “मी काय आंधळी हाय का? सकाळी दारातल्या उन्हातबी दिसली होती.”

“मग बूट कामून कोंडले?”

“एक दिवस घरी बसावं म्हून,” आई म्हणाली, आणि मग तिला थांबवता येईना. “ते आपल्या वळणावर ऱ्हातात, तुमच्याच कंपनीतले, त्यांची बोटं गेली न्हाईत का मशिनीत. तवापासून तुमी गेलाव की मी पेल्याचा आवाज मोजत बसते. गाडी गेली, आजून न्हाई आले. दुसरी गेली, आजून न्हाई. तापात जाताव, पाय मुरगळल्यावर जाताव. पोरीच्या वक्ताला मी एकटी कन्हत होते अन् तुमी पत्रे दाबत होताव. म्या कधी म्हनलं का काय? एक दिवस मागितला मी, एक. तो मागायला बी मला सावलीचं निमित्त काढावं लागलं.” एवढं बोलून तिने पिशवी त्यांच्या हातात दिली. “घ्या बूट. जावा. तुमचा फोटू लावायचाय त्यांला.”

बसमधून कुणीतरी हळूच म्हणालं, “अप्पा, टाइम व्हायलाय.” अप्पांनी पिशवीत हात घातला. एक बूट बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं, परत आत ठेवला. मग ड्रायव्हरला म्हणाले, “जाऊ द्या.” ड्रायव्हरला कळलंच नाही. “अहो अप्पा, खाडा पडंल!” अप्पा म्हणाले, “पडू दे. एक पडू दे.” आणि आईला दंडाला धरून ते शेताकडे वळले. आमच्या घरात चारचौघांत अप्पांनी आईला हात लावलेला मी तोवर बघितला नव्हता. बस हलली. मागच्या काचेतून सगळे बघत राहिले आणि मग कुणीतरी शिट्टी मारली.

फ्लेक्सच्या मागे बांधावर आडोसा होता, तिथे आम्ही बसलो. आईने डबा सोडला. भाकरी, येसराची आमटी, वर खलबत्त्यातली चटणी. ओंकार रंगाने माखलेल्या हातांनी आला, तर त्याला चाचांनी घास भरवले, शिव्या घालत घालत. अप्पा जेवले आणि अवघडून बसले. “शुक्रवारी दुपारी मानसं काय करत असतील?” त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. “झोपत असतील,” मी म्हटलं. त्यांना पटलं नाही. पण जरा टेकतो म्हणून ते पिशवी उशाला घेऊन आडवे झाले, तोंडावर टॉवेल न टाकता. रस्त्यावरून ट्रक जात होते, भोंगे वाजत होते. थोड्या वेळाने आई म्हणाली, “आता कंपनीचं फाटक बंद झालं असंल, न्हाई का गं?”

मी घड्याळात बघितलं. “झालं असेल.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि अप्पांच्या तोंडावरची माशी पदराने हाकलली. “हळू बोल जरा. झोप लागलीय त्यांला.”